स्लाइडशो बनवताय? मग फोटो कोणाचा आहे ते आधी पाहा

नागपुरात सध्या कुठेही जा, स्लाइडशो बनून राहिलेत. शाळेचे प्रोजेक्ट, कॉलेजचे सेमिनार, सोसायटीची मीटिंग, बचत गटाची माहिती, रिटायर होणाऱ्या सरांचा निरोप समारंभ, सगळ्यांना प्रोजेक्टरवर काहीतरी दाखवायचं असतं आणि ते चांगलंच आहे. पण शेवटच्या स्लाइडवर बहुतेक वेळा एक ओळ असते, "इमेज सोर्स: गूगल", आणि तिथे माझं मन अडतं. गूगल फोटो काढत नाही हो. तो फोटो कोणत्या वेबसाइटवर पडलाय एवढंच दाखवतो. फोटो काढणारा माणूस वेगळा असतो, त्याने पहाटे उठून, कॅमेरा घेऊन, कुठेतरी तासन् तास उभं राहून तो काढलेला असतो आणि त्याचं नाव त्या ओळीत कुठेच नसतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे उदाहरणं शाळेचीच येतील, पण काम सगळ्यांचं सारखंच आहे. समजा आठवी-नववीच्या चार मुलांचा ग्रुप आहे आणि विषय मिळालाय "नागपूरचे तलाव". फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा, अशा दहा-बारा स्लाइड. आता सुरुवातीपासून कसं करायचं ते पाहू.

टूल कोणतं घ्यायचं यावर जास्त डोकं लावू नका. गूगल स्लाइड्स, कॅनव्हा आणि पॉवरपॉइंटचं ऑनलाइन व्हर्जन, तिन्ही फुकट अकाउंटवर चालतात. चार मुलं चार घरी बसून एकाच फाइलवर काम करणार असतील, एक धरमपेठेत, एक महालात, एक मानेवाड्याला, तर गूगल स्लाइड्स सगळ्यात सोपं पडतं. दिसायला देखणं पाहिजे, पोस्टरसारखं, तर कॅनव्हा. आणि कॉलेजने पीपीटी फाइलच मागितली असेल तर सरळ पॉवरपॉइंट, कारण एका टूलमधून दुसऱ्यात नेलं की फॉन्ट आणि ॲनिमेशन थोडे हलतातच.

गूगल स्लाइड्समध्ये फाइल उघडली की पहिलं काम पेज सेटअप. नवीन फाइल सोळा बाय नऊची उघडते, म्हणजे रुंद. शाळेतला जुना प्रोजेक्टर चार बाय तीनचा असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि मागच्या बाकावरून काही दिसत नाही. आधी विचारून घ्या, आणि फाइल मेन्यूत जाऊन पेज सेटअप बदलून घ्या, मग फोटो लावा. उलटं केलं की सगळे फोटो पुन्हा हलवत बसावं लागतं.

मग शेअर बटण. यात दोन गोष्टी असतात, फाइल कोणाला दिसणार आणि त्यांना काय करता येणार. "रिस्ट्रिक्टेड" ठेवलं तर ज्यांचे ईमेल टाकले तेवढ्यांनाच दिसेल, "एनीवन विथ द लिंक" केलं तर लिंक ज्याच्या हाती लागेल त्या प्रत्येकाला. ग्रुपमधल्या मुलांना एडिटर करा, मॅडम-सरांना कमेंटर, बाकीच्यांना व्ह्यूअर. आख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एडिटरची लिंक टाकू नका, कोणीतरी गंमत म्हणून स्लाइड उडवतं आणि मग रडारड होते. उडालीच तर फाइल मेन्यूत व्हर्जन हिस्ट्री असते, तिथून कालची फाइल परत आणता येते, घाबरायचं काम नाही. एक छोटी युक्ती सांगते, लिंकच्या शेवटी "एडिट" असा इंग्रजी शब्द दिसतो, तो आणि त्याच्या पुढचं सगळं काढून तिथे इंग्रजीत "कॉपी" लिहिलं की समोरच्याला स्वतःची वेगळी प्रत बनवायचा पर्याय येतो, तुमची मूळ फाइल जशीच्या तशी राहते. वर्गाला कोरा साचा वाटायचा असेल तेव्हा याचा फार उपयोग होतो.

मराठीचं म्हणाल तर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे मोबाइलवर लिहितो तसं, जे कोणत्याही यंत्रावर सारखंच दिसतं. घरी कोणाकडे जुन्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असतो आणि तो तसाच चिकटवला की स्लाइडवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर एकदा डोळ्यांनी वाचून रफार आणि जोडाक्षरं तपासावी लागतात. फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स" म्हणून असतं, तिथे स्क्रिप्टमध्ये देवनागरी निवडलं की मुक्ता, बालू, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी असे कितीतरी मिळतात. टिरो देवनागरी मराठी मला फार आवडतो, त्यात आपला ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी पुस्तकातले नाही. हे सगळे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, म्हणजे वापरायला मोकळे. ओळींमधलं अंतर मात्र थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

आता फोटो. इथे थांबून नीट वाचा, कारण बाकी सगळं कोणीही दोन दिवसांत शिकतं.

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. त्यात फोटो काढल्या क्षणी हक्क तयार होतो. रजिस्टर करायची गरज नाही, फोटोवर गोल सी (©) असण्याची गरज नाही, खाली नाव असण्याचीही नाही. मुलं म्हणतात, "मॅडम, त्याच्यावर काही लिहिलंच नव्हतं, मग काहून नाही घ्यायचा?" तर काही लिहिलेलं नाही याचा अर्थ परवानगी दिलेली नाही, असाच घ्यायचा. हा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, ती 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. फोटोंसाठी आधी वेगळा हिशोब होता, फोटो प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं, पण 2012 च्या दुरुस्तीने फोटोही चित्रांच्याच रांगेत आले.

उदाहरणाने लवकर समजतं. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं आता सगळ्यांची आहेत. सय्यद हैदर रझा आपल्या नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, ते 2016 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवर 2076 संपेपर्यंत हक्क आहे, नागपूरकर म्हणून आपल्याला कितीही आपलेपणा वाटला तरी. आणि एक गोष्ट मुलांच्या डोक्यात हमखास उलटी बसलेली असते, फोटोत कोण आहे त्यावर हक्क ठरत नाही, फोटो कोणी काढला त्यावर ठरतो. बाबासाहेबांचा फोटो असेल तर बाबासाहेबांच्या जन्म-मृत्यूची सालं पाहून उपयोग नाही, तो फोटो कोणाचा आणि कधीचा ते पाहावं लागतं. दीक्षाभूमीच्या स्तूपाचंही तसंच. इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, स्तूपाचा फोटो तुम्ही स्वतः काढला तर तो तुमचा, पण दुसऱ्याने काढलेला स्तूपाचा फोटो त्या दुसऱ्याचाच. आवारात कॅमेरा चालतो का, कुठपर्यंत चालतो, हे तिथल्या लोकांना विचारायचं, तो कॉपीराइटचा भाग नाही.

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा नियम मात्र वेगळा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. स्टुडिओत जाऊन किंवा लग्नात फोटोग्राफर लावून तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतलेत, आणि दुसरा काही करार झालेला नसेल, तर त्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. म्हणून सरांच्या निरोप समारंभासाठी त्यांच्या लग्नाचा जुना फोटो पाहिजे असेल तर सरांच्या घरूनच घ्या, विचारून घ्या.

मग शाळेत काहीच वापरायचं नाही का? तसं नाही. कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकवण्या-शिकण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे, खाजगी अभ्यास-संशोधनाला आहे, समीक्षेला आहे. दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्ये विद्यापीठातल्या फोटोकॉपीच्या खटल्यात ही शिक्षणाची सूट बरीच मोकळेपणाने वाचली. त्यामुळे वर्गात पाच मिनिटं दाखवलेल्या स्लाइडवरून कोणी तुमच्या मागे लागणार नाही. गडबड होते ती नंतर. स्लाइडशो फार छान झाला म्हणून शाळा तो आपल्या वेबसाइटवर टाकते, बाबा फेसबुकवर टाकतात, कोणी व्हिडिओ बनवून यूट्यूबवर चढवतं, क्लासवाले त्याच्यातून जाहिरात बनवतात. तिथे वर्गाची सूट संपली. आणि आजकाल वर्गातून बाहेर न जाणारा स्लाइडशो मला तरी दिसत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासूनच तो बाहेर जाणार आहे असं धरून बनवा.

आणि नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असंही नाही. "क्रेडिट दिलं ना मॅडम!" हे वाक्य मी रोज ऐकते. ज्या फोटोच्या मालकाने नाव देऊन वापरा असं सांगितलंय, तिथे नाव दिल्याने काम होतं. ज्याने असं काही सांगितलेलंच नाही, तिथे आधी विचारायचं, मग वापरायचं, आणि नाव तरीही द्यायचं. कामावर आपलं नाव असावं हा काढणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, कायद्याच्या कलम 57 मध्ये तो लिहिलेला आहे.

फोटो कुठून घ्यायचे? सगळ्यात आधी स्वतःच्या मोबाइलमधून, आणि हे मी अगदी मनापासून सांगते. तलाव नागपुरात आहेत, मुलं नागपुरात आहेत, मग अनोळखी माणसाचा फोटो कशाला? रविवारी सकाळी फुटाळ्याला जा, ऊन चढायच्या आत, मोबाइल आडवा धरा, लेन्स रुमालाने पुसा, क्षितिज सरळ ठेवा आणि एका जागेवरून तीन फोटो काढा, एक लांबचा, एक मधला, एक अगदी जवळचा, म्हणजे काठावरच्या पायऱ्या, पाण्यावर तरंगणारं निर्माल्य, नाहीतर चौपाटीवर बसलेला कणीसवाला, त्याला विचारून. एक कोपरा मोकळा राहील असा एक फोटो मुद्दाम काढा, म्हणजे त्या आकाशावर शीर्षक लिहिता येतं. असे फोटो कोणत्याच स्टॉक साइटवर, म्हणजे तयार फोटोंच्या साइटवर, मिळत नाहीत आणि परीक्षकांना लगेच कळतं की पोरं तिथे जाऊन आलीत. फक्त लहान मुलांचे चेहरे स्पष्ट येत असतील तर त्यांच्या आई-बाबांना विचारा. फोटोचा हक्क तुमचा असला तरी त्या लेकराचा चेहरा तुमचा नाही.

आपल्याकडे नसलेला फोटो पाहिजे, तर विकिमीडिया कॉमन्सवर जा. तिथे नागपूरच्या जागांचे बरेच फोटो आहेत आणि प्रत्येक फोटोखाली काढणारा कोण, लायसन्स कोणतं, ते लिहिलेलं असतं. ओपनव्हर्स म्हणून एक सर्च आहे, तो फक्त मोकळ्या लायसन्सचे फोटो शोधून देतो. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांच्यावर पार्श्वभूमीसाठी छान फोटो मिळतात, तिथे नाव देण्याची सक्ती नाही पण द्या, काही जात नाही आपलं. मात्र या साइटवर गावाचं नाव टाकून शोधलं की कुठल्याही गावचा तलाव समोर येतो. टॅगवर विश्वास ठेवू नका. अंबाझरी म्हणून हैदराबादचा तलाव लावला तर कॉपीराइट पाळूनही स्लाइड खोटी ठरते.

गूगल इमेजेसच वापरायचं असेल तर फोटो शोधल्यावर "टूल्स" दाबा, मग "यूसेज राइट्स", आणि त्यात क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा. एवढं करून थांबायचं नाही. फोटोवर क्लिक करून मूळ पानावर जायचं आणि तिथे लायसन्स खरंच लिहिलंय का ते वाचायचं. गूगल स्लाइड्सच्या आतच वेबवर शोधायची सोय आहे, इन्सर्ट, इमेज, मग सर्च, बाजूला पट्टी उघडते. तिथून आलेला फोटोही आपोआप मोकळा होत नाही, त्याचंही मूळ पान शोधायचंच. सरकारी वेबसाइटवरच्या फोटोंचं पण तसंच, पानाच्या अगदी खाली "कॉपीराइट पॉलिसी" अशी लिंक असते, ती उघडून वाचा. काही खाती मोकळीक देतात, काही आधी ईमेल करायला सांगतात.

क्रिएटिव्ह कॉमन्स, थोडक्यात सीसी, म्हणजे काढणाऱ्याने आधीच लिहून दिलेली परवानगी. ही लायसन्सं 2002 पासून आहेत आणि त्यात सहा प्रकार आहेत, पण चार खुणा कळल्या की सहाही कळतात. बाय म्हणजे नाव द्या. एनसी म्हणजे धंद्यासाठी नको, म्हणून फी घेणाऱ्या कोचिंग क्लासच्या जाहिरातीत तो चालणार नाही. एनडी म्हणजे फोटो बदलून पुढे द्यायचा नाही, मग त्यावर रंग चढवणं, दोन फोटो जोडून एक करणं बंद, आणि मी तर तो कापतही नाही. एसए म्हणजे तुम्ही बदलून नवीन काही बनवलंत तर तेही याच लायसन्सने दुसऱ्यांना मोकळं ठेवा. फोटो जसाच्या तसा स्लाइडवर बसवला तर तुमचा आख्खा स्लाइडशो एसए होत नाही, पण त्याचं कोलाज केलंत तर त्या कोलाजला ते लागू होतं. आणि सीसी झिरो दिसलं तर काढणाऱ्याने सगळे हक्क सोडून दिलेत.

क्रेडिट कसं लिहायचं ते पाहा. फोटोचं नाव, काढणारा, कुठून घेतला, लायसन्स, आणि काही बदललं असेल तर ते. स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात, छोट्या पण वाचता येईल अशा अक्षरात:

"फुटाळा तलाव, संध्याकाळ. छायाचित्र: काढणाऱ्याचं नाव किंवा युजरनेम. विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए 4.0. डावीकडून कापला आहे."

फोटोच्या नावावर मूळ पानाची लिंक लावा आणि लायसन्सच्या नावावर लायसन्सची. जागा नसेल तर स्लाइडवर नुसतं नाव आणि शेवटी "छायाचित्रं" नावाच्या स्लाइडवर सगळे तपशील, स्लाइड नंबरसकट. युजरनेम विचित्र असलं तरी जसंच्या तसं लिहा, त्याने तेच निवडलंय.

आता ज्याच्यामुळे माझ्या वर्गातला सगळ्यात जास्त वेळ वाचतो ते सांगते. प्रत्येक स्लाइडच्या खाली स्पीकर नोट्सची जागा असते, बोलायचे मुद्दे लिहायला. फोटो स्लाइडवर टाकल्या टाकल्या, दुसरं काही करायच्या आधी, त्याच्या पानाची लिंक तिथे चिकटवा. त्याच मिनिटाला. नंतर करू म्हटलं की होत नाही. पंधरा टॅब उघडे असतात, एकजण जेवायला जातो, लॅपटॉप बंद होतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा वाजता सगळे "हा सोनेगावचा फोटो कोणी टाकला बे, कुठून आणला" म्हणून एकमेकांना फोन करून राहतात. बहुतेक मुलं नाव चोरावं म्हणून "सोर्स: गूगल" लिहीत नाहीत, त्यांना आता आठवतच नसतं म्हणून लिहितात. नोट्समध्ये लिंक असली की शेवटची स्लाइड दहा मिनिटांत होते. चौघांपैकी एकाने फक्त हेच काम पाहायचं असं ठरवा, ज्या फोटोखाली लिंक नाही तो त्याने सरळ काढून टाकायचा, भांडण न करता.

लिंक नसलेला फोटो हाती आला, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन वगैरे, तर गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय नावाच्या साइटवर तो टाकून पाहा, इंटरनेटवर आधी कुठे आलाय ते कळतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याच्यातली कॅमेऱ्याची आणि तारखेची माहिती निघून जाते, म्हणून फाइल उघडून मालक सापडत नाही. शोधूनही सापडला नाही तर तो फोटो सोडा. "अज्ञात छायाचित्रकार" लिहून वापरायचा मार्ग काढू नका.

तलावांच्या प्रोजेक्टमध्ये एक जागा हमखास येते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली, अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या घरांत पाणी शिरलं. त्याचे फोटो मुलांना पाहिजेच असतात, आणि पाहिजेतच, त्याशिवाय तलावाची गोष्ट अर्धवट आहे. पण सर्चमध्ये वर येतात ते वर्तमानपत्रांचे आणि न्यूज एजन्सीचे फोटो, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. ते घेऊ नका. त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून, नाहीतर गच्चीवरून, खिडकीतून ज्यांनी मोबाइलवर फोटो काढले ते लोक आपल्या ओळखीतच आहेत. कोणाची मावशी तिथे राहते, कोणाचे काका. त्यांना विचारा. तो फोटो त्यांचा आहे, ते हो म्हणाले की तो तुमच्याकडे परवानगीसकट येतो, आणि बरोबर पाणी किती वाजता शिरलं, फ्रिज कसा तरंगत होता, ही माहितीही येते, जी कोणत्याच बातमीत नाही. विचारताना नुसतं "फोटो पाठवा ना" म्हणू नका. असं लिहा:

"काकू नमस्कार, मी नववीत आहे, आमचा नागपूरच्या तलावांवर शाळेचा प्रोजेक्ट आहे. 2023 च्या पुराचे तुम्ही काढलेले दोन फोटो आम्ही त्यात वापरू का? स्लाइडशो वर्गात दाखवणार आहोत आणि शाळेच्या वेबसाइटवरपण जाऊ शकतो. खाली तुमचं नाव लिहू, नाव नको असेल तर तसं सांगा. फोटो तुम्हीच काढलेत का, की कोणी पाठवलेत?"

शेवटचा प्रश्न विसरू नका. अर्ध्या वेळा उत्तर येतं की अगं, मला पण दुसऱ्याने पाठवला. मग त्या दुसऱ्याला विचारायचं. आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट फाइलच्या फोल्डरमध्ये ठेवून द्या.

अनोळखी फोटोग्राफरलाही असंच विचारता येतं. विदर्भात जंगलाचे फोटो काढणारे किती जण आहेत, ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, पहाटेच्या थंडीत जिप्सीत बसतात, पाच-सहा सफाऱ्या रिकाम्या जातात तेव्हा कुठे वाघाचा एक फोटो मिळतो. मग तोच फोटो नाव कापून आख्ख्या व्हॉट्सॲपवर फिरतो. माझ्या ओळखीतल्या एकाचा फोटो एका हॉटेलच्या भिंतीवर लागला होता, त्याला तिथे जेवायला गेल्यावर कळलं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी नीट विचारलं तर यातले बरेच जण आनंदाने हो म्हणतात, काही तर मोठ्या साइजची फाइल पाठवतात. नाही म्हणाले तर नाही, वाद घालायचा नाही.

फोटोवरचं नाव किंवा वॉटरमार्क कापून वापरणं, किंवा ॲपने पुसून काढणं, हे मात्र कधीच करू नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर हक्काची अशी माहिती जाणूनबुजून काढणं हाच वेगळा गुन्हा आहे. आणि जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. मुलांना भीती घालायला सांगत नाही, फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट ही शिक्षा कमी करू शकतं, पण कॉपीराइट म्हणजे कोणी पाळत नाही अशी पाटी आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं वाचून ठेवावं.

कॅनव्हा वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मुकुटाची खूण असलेले फोटो आणि चित्रं प्रोची, म्हणजे पैसे भरणाऱ्यांची असतात, फुकट अकाउंटवर ती वॉटरमार्कसकट येतात. त्याचा स्क्रीनशॉट काढून काम भागवणं म्हणजे वर सांगितलं तेच. शाळेतल्या शिक्षकांना कॅनव्हाचं एज्युकेशन अकाउंट फुकट मिळतं, शाळेचा पुरावा द्यावा लागतो, ते घ्या ना. दुसरं, कॅनव्हातला फोटो तुमच्या डिझाइनचा भाग म्हणून वापरायची परवानगी असते, तो एकटा बाहेर काढून विकायची किंवा वाटायची नाही. आणि स्लाइडशोचा व्हिडिओ करून त्याला सिनेमातलं गाणं जोडणार असाल तर गाण्याचे हक्क वेगळे असतात, यूट्यूब ते लगेच ओळखतं. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या.

एआयने तलावाचा फोटो बनवून लावू का, असं आता विचारतात. अंबाझरी कसा दिसतो हे सांगायचं आहे ना, मग अंबाझरीचाच फोटो पाहिजे. कल्पनाचित्र लावायचंच असेल, शंभर वर्षांनी तलाव कसा असेल वगैरे, तर खाली "एआयने तयार केलेलं चित्र" असं स्पष्ट लिहा.

दाखवायच्या दिवसासाठी तयारी आदल्या दिवशीच. शाळेत नेट येईल यावर विसंबू नका. गूगल स्लाइड्स ऑफलाइन उघडायची सोय क्रोममध्ये आधी चालू करून ठेवावी लागते, आणि तरीही एक पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्याच. पीडीएफमध्ये ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालत नाहीत, पण मराठी अक्षरं तरी फुटत नाहीत. पीपीटी म्हणून डाउनलोड केलं तर स्पीकर नोट्सही बरोबर जातात हे लक्षात ठेवा, तिथे कोणाचा फोन नंबर वगैरे लिहिला असेल तर पुढे पाठवण्याआधी काढा.

आणि समजा सगळं करूनही कोणाचा मेसेज आला की हा फोटो माझा आहे. आधी उत्तर द्या, त्याच दिवशी, सॉरी म्हणून. मग फोटो बदला नाहीतर त्याला विचारून नाव टाका, जे तो म्हणेल ते. ज्यांच्याकडे गूगल स्लाइड्सची लिंक आहे त्यांना बदललेलीच फाइल दिसेल, पण वेबसाइटवर चढवलेली पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवर गेलेली पीपीटी आपोआप बदलत नाही. वेबसाइट जे सांभाळतात त्यांना नवीन फाइल द्या, आणि ज्या ज्या ग्रुपवर जुनी टाकली होती तिथे जाऊन नवीन टाका, सोबत एक ओळ, "आठव्या स्लाइडचा फोटो बदलला आहे, जुनी फाइल डिलीट करा आणि पुढे पाठवू नका."